उभं पीक, आडवी तार

शिकारीवर बंदी आहे, हे वाक्य तालुक्याच्या गावापर्यंत खरं असतं. तिथून पुढे पांदण लागली की ते पातळ होत जातं आणि जंगलाच्या कडेच्या वावरात पोचेपर्यंत पार विरून जातं. तिथे रानडुक्कर मरतं, रोही म्हणजे नीलगाय मरते, एखाद्या वेळी वाघ मरतो, आणि कधी पहाटे ओलिताला निघालेला माणूसही मरतो. बंदुकीचा बार मात्र ऐकू येत नाही. विजेच्या तारेला आवाज नसतो.

हे आधीच सांगून टाकतो. संरक्षित जंगलाला लागून शिकारीला परवानगी असावी की नसावी, या वादात दोन्ही बाजूंची माणसं असं धरून चालतात की आज शिकार होतच नाही. एकाला ती सुरू करायची असते, दुसऱ्याला सुरू होऊ द्यायची नसते. आमच्या भागात ती थांबली कधी होती? पूर्वी मारणारा समोर काय आहे ते बघून मारायचा, आता बघत नाही, बदललं ते एवढंच.

आमचं गाव वर्धा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, समुद्रपूर तालुक्यात. उगवतीला जंगल, त्यापलीकडे चिमूरचा मुलूख, मग ताडोबा. शेती दादा बघतो. मी नोकरीच्या निमित्तानं बाहेर, पण पेरणी, वेचणी आणि भांडणं या तिन्ही हंगामांना हजर असतो. दादाचा मुलगा बोस्टनला. घरात हा वाद आणला तो त्यानंच.

तो राहतो तिथून जवळ ब्लू हिल्स नावाचं राखीव जंगल आहे. बोस्टनच्या दक्षिणेला, सात हजार एकरांच्या वर, भोवती उपनगरं. जंगल सरकारी. लोक तिथे पळायला जातात, कुत्री फिरवतात, पोरांना घेऊन टेकडी चढतात. त्या जंगलाच्या वाटेवर एके दिवशी त्याला फलक दिसला: हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू आहे, भडक नारिंगी कपडे घालून या. पोरगं हादरलं. तसं ते शाकाहारी नाही, बोकडाचं मटण दोन वेळा वाढून घेतं, पण हा फलक त्याला झेपला नाही. घरच्या ग्रुपवर फोटो आणि खाली भलामोठा संताप.

दादानं चष्मा लावून फोटो बघितला आणि फोनवर विचारलं, "इकडं येतीन काय रे ते लोकं? रायची-खायची सोय आपन करू."

"बाबा, मी सिरियसली बोलतोय."

"मीबी मस्करी नाई करून रायलो."

तिथला प्रकार मी नंतर पुतण्याला विचारून आणि थोडंफार वाचून समजून घेतला. मॅसॅच्युसेट्समधले लांडगे आणि डोंगरी सिंह माणसानं एकोणिसाव्या शतकापर्यंत संपवून टाकले. मोठ्या हरणाला सहज पाडेल असं जनावर मग फारसं उरलंच नाही. पुढे शेतं मोडली, घरं झाली, घरांभोवती बागा आल्या, आणि हरणांची चंगळ झाली. कोवळा शेंडा दिसला की खुडायचा, त्यामुळे जंगलात नवं झाड वर येईना. हरणांवर पोसणाऱ्या गोचिडांची तक्रार वाढली आणि त्यांच्याबरोबर लाईम नावाच्या आजाराची. २०१५ मध्ये राज्य सरकारनं ब्लू हिल्समध्ये पहिल्यांदा नियंत्रित शिकार घडवून आणली. अर्ज मागवले, चिठ्ठ्या टाकून शिकारी निवडले, मोजके दिवस दिले, मारलेलं हरीण नोंदवून घेतलं. विरोध करणारे फलक घेऊन उभे राहिले, तेही रीतीप्रमाणे झालं. राहत्या घरापासून ५०० फुटांच्या आत बंदूक झाडायची नाही, हा तिथला जुनाच कायदा. आणि मारलेलं हरीण शिकाऱ्यानं घरी न्यावं, खावं, कुणाला द्यावं, पण विकायचं नाही. हा शेवटचा नियम ध्यानात ठेवा. मला तो पुढे लागणार आहे.

पुतण्याचं म्हणणं साधं होतं. सरकारी जंगलातलं हरीण सगळ्यांचं असतं, मग हातात बंदूक असलेल्या चार लोकांना ते मारायचा हक्क कुणी दिला? आणि त्यापुढे आमच्यासाठी एक टोला: "तुमच्याकडे तर वाघ आहेत. इथे जे नाहीये ते तुमच्याकडे आहे. डुकरांचं काय करायचं ते वाघ बघून घेईल."

"वाघ हाय," दादा म्हणाला, "म्हनून तर जागलीले जाता येत नाई."

या एका वाक्यात आमच्या भागाची गेल्या पंधरा-वीस वर्षांची हकिगत आहे. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत वाघ होते १०३. २०२२ मध्ये ते ४४४ झाले. ही गोष्ट अभिमानाची आहे आणि मी ती पाहुण्यांना अभिमानानंच सांगतो. पण यातले सगळे वाघ व्याघ्र प्रकल्पाच्या आत बसून राहिलेले नाहीत. ब्रह्मपुरीसारख्या साध्या प्रादेशिक वनविभागात, तलावांच्या काठानं, धानाच्या बांध्यांच्या कडेनं ते राहतात, पिल्लं वाढवतात. जिथे वाघाचा वावर तिथे डुक्कर आणि रोही थोडे बिचकून असतात, हे शेतकरी स्वतः सांगतात. पण तिथे माणूसही बिचकतो. पूर्वी तुरीला शेंग धरली की माणसं वावरात माळ्यावर झोपायची, टिनाचे डबे वाजवायची, शेकोटी करायची, एकमेकांना हाळ्या द्यायची. आता रात्री वावरात माणूस नाही. आणि वाघ काही रोज येत नाही. तो येतो, फिरतो, आठ दिवस दुसरीकडे निघून जातो. डुकरं मात्र मुक्कामी असतात. तेव्हा वाघ बघून घेईल हे बोस्टनहून जितकं सरळ दिसतं तितकं इथून दिसत नाही.

डुक्कर काय करतं ते एकदा जवळून बघायला हवं. नाहीतर "पिकाचं नुकसान" हा शब्द बातमीतच राहतो.

मृगाचा पाऊस झाला, सोयाबीन पेरलं, असं समजा. दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर उभं राहिलं की वावर दुरून जसंच्या तसं दिसतं. जवळ गेलं की कळतं. पेरणीच्या तासावरून, म्हणजे ओळीवरून, कुणी अंगठा ओढत नेल्यासारखी सरळ चरी पडलेली असते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डुक्कर तासाला नाक लावतं आणि दाणा दाणा टिपत जातं. आडवंतिडवं उकरत नाही, दोन तासांमधली जमीन सोडून देतं. तास संपलं की वळतं आणि शेजारचं तास धरतं. सोबत पिल्लं असली तर बाजूला लहान खुरांची गर्दी. ओल्या मातीत नाकाडाचा ठसा इतका स्वच्छ उमटलेला असतो की दोन्ही नाकपुड्या दिसतात. चरीतला एखादा दाणा सांडलेला, अर्धा चावलेला, पांढरा फटक. दादा खाली बसतो, बोटानं माती चाळतो, चार-पाच हात पुढे सरकतो, परत चाळतो. काही बोलत नाही. मग उठून मोबाईलवर बियाण्याच्या दुकानदाराला विचारतो, अजून दोन बॅगा आहेत काय.

याचा पंचनामा कसा करणार? नुकसानभरपाईची सोय आहे, आणि ती नाही असं म्हणणं खोटेपणा होईल. वनखात्याकडे अर्ज करायचा, मग वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक येऊन पाहतात, टक्केवारी लिहितात. हे तिघं एका दिवशी एका धुऱ्यावर भेटले तर तो योगच म्हणायचा. पण ते आले तरी त्यांना पीक दिसायला हवं. वाढलेली तूर रोह्यांनी ओरपली, हरभरा लोळवला, कापसाची झाडं मोडली, तर मोजता येतं. जे उगवलंच नाही ते कशात मोजायचं? पाऊस कमी पडला म्हणून उगवलं नाही, बियाणं बोगस होतं, की डुकरानं खाल्लं? आठ दिवसांनी त्या चरी पावसानं बुजलेल्या असतात. आमच्याकडे ज्वारी आणि भुईमूग जवळजवळ गेले, त्याला बाजारभावापासून मजुरीपर्यंत पुष्कळ कारणं आहेत. पण गावात कुणालाही विचारा, पहिलं नाव डुकराचं येईल.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. शिकारीला सरसकट मनाई करतानाच त्यानं एक दार ठेवलं आहे, हे शहरातल्या माणसांना सहसा माहीत नसतं. कलम ११ प्रमाणे वाघासारखा पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणं देऊन त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. डुक्कर आणि रोही त्या अनुसूचीत नाहीत, त्यांच्या बाबतीत अट सैल आहे: जिवाला किंवा मालमत्तेला धोका पुरे, आणि मालमत्तेत उभं पीक धरलं आहे. आमच्याकडे ही परवानगी देण्याचे अधिकार खाली वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत आणलेले आहेत. म्हणजे कागदावर आमची मागणी पूर्ण झालेली आहे. शेतकऱ्यानं अर्ज करावा, परवानगी घ्यावी, डुक्कर मारावं.

आमच्या धुऱ्याशेजारच्या शेतकऱ्यानं अशी परवानगी एकदा काढली होती. ती मिळालीही. मग प्रश्न आला, मारायचं कशानं. गावात परवान्याची बंदूक एकच, जुन्या मालगुजाराच्या घरातली. ती बंदूक त्या वेळी निवडणुकीची आचारसंहिता म्हणून ठाण्यात जमा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, विधानसभा, लोकसभा, आपल्याकडे निवडणुकांना तोटा नाही. ती सुटून आली तेव्हा परवानगीची मुदत संपली होती. समजा सुटून आली असती, तरी कुणीतरी स्वतःची काडतुसं घालून रात्रभर माळ्यावर बसायचं, वाघाच्या मुलखात, आणि डुक्कर पडलं तर त्याला हात लावायचा नाही. या कलमाखाली मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता. वनखात्याला कळवायचं आणि त्याची रीतसर विल्हेवाट लागेस्तोवर थांबायचं.

दादाचा यावरचा प्रश्न चोख होता. "रातभर जागायचं, गोळी आपली, अन् सकाळी खड्डाबी आपनच खनायचा. कोन जाईन?"

कुणीच जात नाही. मग तार.

ती कशी लावतात याचं वर्णन मी करणार नाही, ते गावोगाव सगळ्यांना ठाऊक आहे आणि ज्यांना नाही त्यांना नसलेलं बरं. एवढंच सांगतो की ज्याला आम्ही झटका मशीन म्हणतो ती वेगळी. ती सौर बॅटरीवर चालते, थांबत थांबत ठोका देते, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. अनुदानातही मिळते. पण बॅटरी उतरते, तारेला गवत टेकलं की ठोका मरतो, आणि डुकराचं कातडं जाड. अनुभवी डुक्कर पिल्लांसकट खालून घुसतं. दुसरी तार म्हणजे आकडा टाकून सरळ खांबावरून घेतलेली वीज. ती अंधार पडल्यावर सोडतात आणि फटफटायच्या आत काढतात. त्या मधल्या वेळात जो त्या वाटेनं जाईल तो मरेल. डुक्कर, कोल्हा, बैल, कुत्रा, धनी.

२०१७ मध्ये नागभीडच्या बाजूला श्रीनिवास नावाचा वाघ असाच गेला. उमरेड-कऱ्हांडल्याचा तो प्रसिद्ध जय, त्याचा हा छावा. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून शोध तरी लागला. नाहीतर पुरलेल्या वाघाचं काय झालं हे त्या जमिनीलाच माहीत राहिलं असतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये घडलं ते मला जास्त बोलकं वाटतं. ब्रह्मपुरीकडे माणसं मारली म्हणून पकडलेली एक वाघीण कॉलर लावून आमच्या जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पात सोडली होती. तिथून ती निघाली, शेकडो किलोमीटर फिरली, पुन्हा माणसं मेली. तिला गोळी घालायचा आदेश निघाला. आदेशाविरुद्ध प्राणिप्रेमी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. युक्तिवाद झाले, वर्तमानपत्रांत पानंच्या पानं भरली, चौकात लोकांनी बाजू घेतल्या. एवढं सगळं होऊन शेवटी ती वाघीण ना बंदुकीनं मेली ना वाचली. कारंजा तालुक्यात कुणाच्या तरी शेताच्या तारेला चिकटून मेली. ती तार तिच्यासाठी लावलेलीच नव्हती.

शिकारीच्या परवानगीला माझा पाठिंबा आहे तो इथून सुरू होतो आणि फार लांब जात नाही. बंदुकीमागे माणूस असतो. त्याला दिसतं की समोर नर आहे की लेकुरवाळी, डुक्कर आहे की शेजाऱ्याचा गडी. चुकला तर त्याला नाव असतं, परवाना क्रमांक असतो. तारेला यातलं काही नसतं.

पण मग मारायचं कुणी? यावर सरकारांना सुचलेलं उत्तर बहुतेक वेळा एकच राहिलं आहे, बाहेरचा नेमबाज बोलवा. २०१६ मध्ये बिहारमध्ये मोकामाच्या टापूत असे शिकारी आणून दोनशेवर नीलगायी मारल्या. त्याच सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्रेपन्न रानडुकरांवरून केंद्रातल्या दोन खात्यांच्या मंत्र्यांमध्येच जाहीर जुंपली. आणि अवनी वाघीण तर सगळ्यांना आठवत असेल. पांढरकवडा-राळेगावच्या भागात तेरा बळी तिच्या नावावर धरले गेले. सर्वोच्च न्यायालयानं तिला मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात खाजगी शिकाऱ्याच्या गोळीनं ती मेली. मुंबईत मोर्चे निघाले, तिकडच्या गावांत फटाके फुटले. मी त्या वेळी दोन्हीकडच्या माणसांशी बोललो आहे, आणि मला दोघांचाही राग आला नाही. राग आला तो पद्धतीचा. बाहेरून गाडीतून माणूस येतो, गोळी झाडतो, मुलाखती देतो, निघून जातो. मागे राहतात ती दोन पिल्लं, चौकशी समित्या आणि तीच गावं. त्यांच्या हातात काल काही नव्हतं, आजही नाही.

जवळची माणसं नव्हती का? होती. अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यात फासेपारधी पिढ्यान्‌पिढ्या राहिले. आमच्या आजोबांच्या काळात डुकरं माजली की त्यांना निरोप जायचा. त्यांचं येणं, पालं टाकणं, वावराभोवतीच्या वाटा वाचणं हे वडिलांनी पाहिलेलं, आम्हाला सांगितलेलं. फासे कुठे लावायचे ते त्यांना मातीवरून कळायचं. हरणाची वाट वेगळी, डुकराची वेगळी, तितराची वेगळी. पोटात पिल्लू असलेली मादी फासात सापडली तर सोडून द्यायचे, असं वडील सांगत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. स्वतंत्र भारतानं तो १९५२ मध्ये पुसला, आणि वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला तेव्हा त्यांचा धंदाच गुन्हा ठरला. त्यातल्या काहींनी पुढे वाघाचे सापळेही लावले, हे झाकायचं कारण नाही. पण बंदीचा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जड मार कुणावर पडला, हे पाहायचं तर एकदा त्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जाऊन यावं. तार लावणारा शेतकरी क्वचित सापडतो. पारधी पोरगं खांद्यावर जाळं दिसलं तरी उचललं जातं.

आता ज्या जागेवर लोक माझ्याशी भांडतात तिथे येतो. वावरात डुक्कर मारायला माझी हरकत नाही. जंगलात मारायला आहे, पूर्ण आहे. ब्लू हिल्सचा दाखला इथे चालत नाही. तिथे हरीण खाणारं कुणी नाही म्हणून माणूस ती जागा घेतो. आमच्या जंगलात ती जागा भरलेली आहे. डुक्कर, चितळ, रोही हे वाघाचं रेशन. ते आपण जंगलात शिरून उचललं तर वाघ कुणाच्या गोठ्यात येईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दुसरं, आमचं जंगल रिकामं नसतं. मार्च-एप्रिलमध्ये तांबडं फुटायच्या आधी बाया मोहफुलं वेचायला गेलेल्या असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात ढोरकी, हिवाळ्यात सरपण. घरापासून ५०० फूट मोजता येतील. वाकून मोहफुलं वेचणाऱ्या बाईपासून कसे मोजणार?

आणि तिसरं कारण मला एका वनरक्षकानं चहा पिताना सांगितलं, मला तेच सगळ्यात पटलं. आज जंगलात बार ऐकू आला तर तो आवाजच गुन्ह्याचा पुरावा असतो. तो उठतो आणि आवाजाच्या दिशेनं जातो. उद्या परवान्याची शिकार सुरू झाली तर प्रत्येक बाराला त्याला विचार करावा लागेल, हा कागदवाला की बिनकागदाचा. जंगलातली शांतता हीच त्याची अर्धी गस्त आहे.

वावरात मात्र हिशेब वेगळा. माळ्यावरून खाली झाडलेली गोळी आपल्याच मातीत जाते. पेरणीनंतरचे आठ-दहा दिवस आणि पीक भरण्याचे काही आठवडे, एवढाच काळ. मारणारा गावातला, नाव नोंदलेला. कुणी किती मारलं ते ग्रामपंचायतीच्या फलकावर, रोजगार हमीची कामं लिहितात तसं. आणि ज्या गावच्या शिवारात आकड्याची तार सापडली त्या गावाची परवानगी त्या हंगामापुरती बंद. हे शेवटचं कलम मी ग्रामसभेत मांडलं तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला. त्यावरून ते बरोबर असावं असं मला वाटतं. शेजारी तार लावतो हे ज्याला रात्री कुत्र्याच्या भुंकण्यावरून कळतं त्यालाच ती थांबवता येते, महावितरणच्या पथकाला नाही.

ग्रामसभेला एवढं सोपवावं का, असं पुतण्यानं विचारलं. त्याला मेंढा-लेखाचं उदाहरण दिलं. गडचिरोलीतल्या त्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि बांबूपासून राखणीपर्यंतचा व्यवहार गावानं स्वतः करून दाखवला. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यात परंपरेनं चालत आलेले हक्क देताना शिकारीचा हक्क शब्द घालून वगळलेला आहे, आणि जंगलापुरतं ते योग्यच आहे. मी मागतो आहे ते सातबाऱ्यावरच्या जमिनीपुरतं. केरळनं २०२२ मध्ये पंचायतीच्या अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षक करून डुकरांबाबत परवानगीचे अधिकार दिले. म्हणजे हे अगदीच जगावेगळं नाही. पण तिथेही मारलेलं डुक्कर पुरायचंच.

म्हणून मघाच्या अमेरिकन नियमाकडे येतो. त्या देशानं एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी शिकार करून हरणं, गवे, कबुतरांचे थवे यांचं जे केलं ते पाहून शहाणपण घेतलं. १९०० मध्ये लेसी कायदा करून चोरट्या शिकारीच्या मालाचा राज्याराज्यांतला व्यापार गुन्हा ठरवला, आणि राज्यांनी आपापल्या रानातल्या मांसाची विक्री बंद केली. खायला परवानगी ठेवली. आपण उलटं केलं आहे. खाणं आणि विकणं एकाच दोरीनं बांधलं, त्यामुळे दोन्ही चोरून चालतात आणि चोरून चाललं की भाव येतो. रस्त्याकडेच्या ढाब्यावर काय शिजतं ते सगळ्यांना माहीत असतं, फक्त मेन्यूवर नसतं. वावरात रीतसर मारलेलं डुक्कर गावानं वाटून खाल्लं आणि विकणाऱ्याला जबर दंड लावला, तर रात्र जागणाऱ्याला जागायचं कारण मिळेल आणि दलालाला मिळणार नाही. लोभ सुटेल, असं म्हणणारे आहेत. शहरातले आहेत तसे गावातलेही आहेत. लोभ आजही सुटलेलाच आहे, फक्त त्याची नोंद कुठे होत नाही.

पुतण्याला हे अजून पटलेलं नाही. त्याला जनावर मारणं हाच मुद्दा वाटतो, कोण मारतो आणि कशानं मारतो हे दुय्यम. त्याच्या जागी तो बरोबर आहे. त्याच्या जंगलाला फाटक आहे आणि फाटकाबाहेरच्या वावरावर त्याचं पोट अवलंबून नाही. नागपूरच्या फ्लॅटमधल्या माझ्या मित्रांचंही तसंच. नागपूरच्याच मिहान औद्योगिक पट्ट्यात २०१९ ला वाघ दिसला तेव्हा आठवडाभर त्यांच्या सोसायटीत दुसरा विषय नव्हता. मग वाघ निघून गेला आणि विषयही. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर-ऊर्जानगरचे लोक तसं बोलत नाहीत. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी वीज केंद्राच्या आसपास लागोपाठ दोन बळी पाहिले आहेत.

आमच्या ग्रामसभेचा ठराव झाला, पण अर्धाच. जंगलात नको, वावरात हवं, नोंद फलकावर, यावर हात वर झाले. तारेचं कलम दोन-चार मतांनी तरलं. मांसाचं कलम पडलं, आणि ते प्राणिप्रेमानं नव्हे. निम्मं गाव डुक्कर खात नाही. त्यांचं म्हणणं, वाटा खाणाऱ्यांनाच आणि डुक्कर मात्र आमच्याही वावरातलं, हा कोणता न्याय? उरलेल्यांचं भांडण याहून पुढचं, मारणाऱ्याला जास्तीचा वाटा द्यायचा की नाही आणि मुंडकं कुणाचं. दादानं मध्येच उठून सांगितलं, "आधी डुक्कर तं पडू द्या, मंग मुंडक्याचं पाहू." तरी कुणी ऐकेना. सरपंचबाईंनी वेळ संपली म्हणून इतिवृत्तावर सह्या घेतल्या. पुढची सभा १ मेला आहे. न खाणाऱ्यांच्या वावरातलं डुक्कर पडलं तर मारणाऱ्यानं त्यांना एक दिवसाची मजुरी द्यायची की उलट, याचा काहीतरी हिशेब बसवून ते कलम मी पुन्हा मांडणार आहे.